आधी मी पिसले होते

मी, खाली सही करणारी, वय शेहेचाळीस, पत्त्यांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीस, हे मृत्युपत्र आज दुपारी बारा वाजता घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या उजव्या हाताने लिहायला घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य लिहून मी थांबले, कारण त्याच डोक्यात, उजव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ आहे आणि ती उद्या सकाळी सात वाजता काढायची आहे. तेव्हा या बाबतीत माझ्या शब्दावर विसंबू नये. माझी स्मरणशक्ती आणि समज शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. गाठीचा परिणाम फक्त डाव्या हातावर झाला आहे. तो थरथरतो. त्या हाताने मी काही लिहीत नाही, कागद दाबून धरते, म्हणून ओळी जरा हलल्या आहेत.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घाई मात्र आहे. पाच वाजता टॅक्सी येणार आहे.

धोका किती, असे मी डॉक्टरांना विचारले होते.

"शंभरात तीन."

"तुमच्या शंभरात की पुस्तकातल्या?"

"पुस्तकातल्या. माझ्या स्वतःच्या एकशे चाळीसात सहा."

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. शंभरात तीन किंवा चार ही दुर्मिळ गोष्ट नव्हे. कारखान्यात पत्त्यांच्या शंभर कॅटमागे चार खराब निघाले तर मी यंत्र बंद करायला लावते. दुर्मिळ म्हणजे काय, हे मला चांगले कळते असे मी सोळा वर्षे समजत होते. ते कळत नव्हते, म्हणून हे मृत्युपत्र एरवी झाले असते त्यापेक्षा लांब होणार आहे.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. याची अंमलबजावणी तपासणी टेबलावरच्या माझ्या जोडीदारणीने करावी. प्रत्येक कॅटवर दोनदा टिचकी मारल्याशिवाय ती तो पुढे सोडत नाही, म्हणून सगळे तिला टकटक म्हणतात. मला माझ्यामागे शंकाबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे. टकटक आणि समोरच्या दुकानातले शिंपीकाका या कागदावर साक्षीदार म्हणून सही करतील. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून त्या दोघांना काहीही दिलेले नाही. हे ऐकून टकटक म्हणाली, "म्हणजे काम सगळं माझं आणि मला भोपळा!" शिंपीकाका म्हणाले की त्यांना फक्त त्यांची कात्री परत हवी आहे, चार वर्षांपूर्वी नेलेली. ती स्वयंपाकघराच्या खणात आहे. ती त्यांचीच असल्यामुळे हे दान धरू नये.

कलम दोन. बँकेतली माझी सगळी शिल्लक मावशीची. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा. त्या आठवड्यात मावशी एक पेटी घेऊन आली, ती अजून गेलेली नाही. तिला या घरात, खिडकीकडच्या तिच्या खोलीत, आयुष्यभर राहण्याचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावे झाले तरी. माझे तपासणीचे भिंगही तिचे. सुईत दोरा ओवायला उपयोगी पडेल. पत्ते खेळताना शेजाऱ्याची पाने बघायला तिला भिंग लागत नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

कलम तीन. पंधराव्या वर्षापासूनच्या माझ्या रोजनिशीच्या वह्या, एकूण एकतीस, न वाचता रद्दीत द्याव्यात. फाडून, मग द्याव्यात. मावशी वाचेल. फक्त दोन हजार पाच सालची वही ठेवावी. ती धाकट्याची. वीस नोव्हेंबरचे पान मी दुमडून ठेवले आहे.

कलम चार. घर.

हे दोन खोल्यांचे घर मी माझ्या धाकट्या भावाच्या नावे करत आहे. तो बारा तासांच्या अंतरावरच्या शहरात एका बांधणीखान्यात पुस्तके शिवतो. या कलमाची कारणे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही असे वकील म्हणाले. गरज आहे. कारणांशिवाय हे घर दिले तर बहिणीने मरताना मन मोठे केले, असे लोक म्हणतील. तसे काहीही नाही.

आमचे बाबा एकतीस वर्षे याच कारखान्यात पाने जुळवायच्या टेबलावर होते. पत्ते पिसायला आम्हाला त्यांनी शिकवले. कॅटचे बरोबर निम्मे करायचे, सव्वीस आणि सव्वीस. न मोजता, अंगठ्याच्या अंदाजाने. मग दोन्ही हातांतून एक पान याचे, एक पान त्याचे, असे शेवटपर्यंत. दोन पाने एकत्र सुटली की बाबा टेबलावर पट्टी आपटायचे. "जोडी पडली! पुन्हा." मी दहाव्या वर्षी जोडी न पाडता पिसायला शिकले, धाकटा आठव्या वर्षी. मला त्याचा राग आला होता.

घरात वाद झाला की बाबा निवाडा करत नसत. एक डाव मांडायचा. घरातला वापरातला कॅट घ्यायचा, जोकर बाजूला काढायचे. आधी मोठ्या भावंडाने पिसायचे, मग धाकट्याने. दोघांनी पिसले की लबाडीला जागा राहत नाही, असे ते म्हणत. तिसऱ्याने कापायचे. धाकट्याने चौघांना एकेक करून तेरा-तेरा पाने वाटायची, आणि स्वतःचे शेवटचे पान उघडायचे. तो हुकूम. दोघा भांडणाऱ्यांपैकी ज्याचे हात जास्त होतील त्याचे म्हणणे खरे. खिडकीजवळची खाट, रविवारची सायकल, दुधाच्या भांड्यातली साय, सगळे असेच ठरले.

बाबा गेले तेव्हा घर आम्हा दोघांचे झाले. धाकट्याचे लग्न ठरले होते. दोन खोल्यांत मावशी, मी आणि नवे जोडपे मावत नव्हते. तीन महिने आम्ही भांडलो. शेवटी तोच म्हणाला, "ताई, एक डाव. हरेल त्याने दुसरीकडे जागा बघायची." मी हो म्हणाले.

वीस नोव्हेंबर, रविवार, दुपारी दोन वाजता याच टेबलावर आम्ही बसलो. माझ्यासमोर धाकटा, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला शिंपीकाका. घरचा जुना कॅट झिजला होता, म्हणून नवा फोडला. पाने उचलली. मी रंगवार लावायला गेले, पण लावायला काही नव्हतेच. तेराही किलवर.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "मला नुसते बदामच आलेत."

"मी तर चौकटीचं दुकानच उघडतो आता," शिंपीकाका म्हणाले.

धाकट्याने हुकमाचे पान उघडले होते, इस्पिकची सत्ती. त्याने हातातली पाने हळूहळू उलटी करून टेबलावर मांडली. तेराच्या तेरा इस्पिक. एकही हात मला मिळणे शक्य नव्हते. तो हसला. ते हसणे मी पुरावा म्हणून धरले.

मी संख्याशास्त्राची पदवीधर. मी उठले, कॅटच्या रिकाम्या खोक्यावर गणित मांडले. वाटणाऱ्यालाच हुकमाची सगळी तेरा पाने येण्याची शक्यता सुमारे पंधरा हजार आठशे कोटींत एक. चौघांनाही एकेक अख्खा रंग येण्याची शक्यता, दोनाच्या पुढे सत्तावीस आकडे लिहावेत, इतक्यांत एक. मी खोके त्याच्यासमोर टाकले.

"हे आपोआप झालं म्हणणारा एक तर मूर्ख असतो, नाही तर चोर. तू मूर्ख नाहीस."

तो आधी थट्टेवारी नेत होता. "ताई, तुला रोज येतात ती फुटकळ तेरा पानंही तितकीच दुर्मिळ असतात की. तीच तेरा पुन्हा कधी आली होती तुला? त्यांच्यावर कधी आळ घेतलास?"

"शब्दांचे खेळ नकोत."

"मग कसले खेळायचे? पत्त्यांचे तर तू आत्ता बंद केलेस."

इथे मला न्यायाने लिहायला हवे. त्याचे म्हणणे अर्धेच बरोबर होते. कोणतीही ठराविक तेरा पाने तितकीच दुर्मिळ, हे खरे. पण जी पाने वाटणाऱ्यालाच घर मिळवून देतात, ती पाहून शंका येणे गैर नाही. शंका मला आजही आली असती. माझी चूक शंकेपुढची होती. दोन शक्यता मी तराजूत घातल्या: नशीब, किंवा लबाडी. नशिबाचे पारडे इतके हलके होते की दुसऱ्यात काय आहे ते मी बघितलेच नाही. लहानपणी चुकून दुसऱ्याचे पान दिसले तर हा मुलगा स्वतःहून सांगायचा आणि डाव पुन्हा वाटायला लावायचा. असा माणूस बहिणीला फसवील, याची शक्यता किती? ती मी काढलीच नाही. आणि तिसरे काही असू शकते, असे तर मनातही आले नाही.

मी तिथेच थांबले असते तरी भागले असते. सोमवारी मी कारखान्याच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिले. धाकटा तेव्हा भरणी विभागात होता, नवे कॅट खोक्यात भरायच्या कामावर. माझ्या पत्रात एकही खोटे वाक्य नव्हते. घडले ते लिहिले, गणित जोडले, आणि शेवटी लिहिले की निष्कर्ष आपण काढावा. त्यांनी तो चार दिवसांत काढला. पाने लावण्याचा संशय असलेला माणूस पत्त्यांच्या कारखान्यात कोण ठेवील?

धाकट्याने घराचे हक्कसोडपत्र करून दिले. सही करून कागद माझ्याकडे सरकवला. "घे. चोराने जिंकलेलं घर. पाया तपासून घे, खाली पत्ते लावलेले असतील." मावशी दारात उभी होती. त्याने तिला नमस्कार केला, माझ्याकडे न बघता बूट घातले, आणि गेला. त्याच्या लग्नाला मावशी एकटी गेली.

आता तिसरी शक्यता.

दीड महिन्यापूर्वी कारखान्यात एक तक्रार आली. एका क्लबातल्या चौघांनी आमचा नवा कॅट फोडला, दोनदा पिसला, वाटला, तर चौघांना चार अख्खे रंग आले. कॅट सदोष आहे काय, असे त्यांनी नम्रपणे विचारले होते. मी उत्तराचा मसुदा केला: "असे होणे व्यवहारात अशक्य आहे. आपली कोणीतरी गंमत केलेली दिसते." टकटकने तो वाचून दाखवला आणि म्हणाली, "शंकाबाई, सगळ्या जगावर शंका घेतेस. एकदा स्वतःवरही घे की. करून तर बघ."

"काय करून बघू? कोटी कोटी वर्षं पिसत बसू?"

"दोनदा. त्यांनी दोनदाच पिसलाय."

तेव्हा डावा हात अजून धड होता. मी नवा कॅट घेतला. नवा कॅट आमच्याकडून रंगवार जातो: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. बाबांनी शिकवले तसे पिसले. एकदा. दुसऱ्यांदा. टकटकने कापले. मी चार ढीग वाटले आणि पहिला उलटा केला. बदाम. सगळे बदाम. उरलेले तीन ढीग मी उलटे केलेच नाहीत. टकटकने केले.

त्यात जादू नाही. पहिल्यांदा एक याचे, एक त्याचे पिसले की इस्पिक आणि किलवर एकाआड एक बसतात, त्यांच्याखाली बदाम आणि चौकट. दुसऱ्यांदा तसेच पिसले की चारही रंग क्रमाने बसतात, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, दोन, तीन, चार. चौघांना वाटले की प्रत्येकाला एकच रंग. मधे कापले तरी क्रम मोडत नाही, कोणाला कोणता रंग एवढेच बदलते. दोनाच्या पुढे सत्तावीस आकडे हे गणित पाने विस्कटलेली आहेत असे धरून केलेले होते. लोक पत्ते पिसतात ते विस्कटतात. आमच्या घरात जोडी पडली की पट्टी आपटली जायची. आम्हा दोघांना पाने विस्कटू न देण्याचीच शिकवण होती, आणि त्या दुपारी टेबलावर एरवीचा जुना नव्हे, नवा कॅट होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी दोन हजार पाचची वही काढली. वीस नोव्हेंबरच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: "आधी मी पिसले. एकही जोडी नाही. मग त्याने. शिंपीकाकांनी कापले." सोळा वर्षे हे वाक्य माझ्या कपाटात होते. ज्या लबाडीबद्दल मी भावाला घराबाहेर काढले, तिचा पहिला अर्धा भाग माझ्या हातांनी केला होता, आणि तो बिनचूक केल्याची प्रौढी मी त्याच दिवशी लिहून ठेवली होती.

(दीड वाजला. मावशीने दूध आणून ठेवले आणि विचारले, "अजून नाही ना आला?" मी धाकट्याला बारा दिवसांपूर्वी सगळे पत्रात लिहिले. उत्तर नाही. परवा फोन केला तर त्याची बायको म्हणाली, "निरोप देते," आणि ठेवला. त्याच्या शहराहून अडीचला येणारी बस ही आजची शेवटची. पाचच्या आत त्याने यावे आणि एकदा माझ्या तोंडून हे ऐकावे, याशिवाय आज मला दुसरे काही नको आहे. कागदावर दिलेले घर तो घेणार नाही. मी त्याला ओळखते. म्हणजे, ओळखते असे समजते. याआधीही समजत होते.)

कलम पाच. टकटकने तक्रारींची जुनी फाईल शोधली. तीस वर्षांत अशा अकरा तक्रारी आल्या होत्या. जगाच्या सुरुवातीपासून एकदाही घडू नये अशी गोष्ट एका फाईलमध्ये अकरा वेळा घडली होती, आणि त्यांतल्या सात उत्तरांवर माझी सही आहे. "अशक्य", "गंमत", "आपल्यापैकी कोणीतरी". त्या सात टेबलांवर काय झाले असेल ते मला माहीत नाही. कोणी भाऊ होते का, कोणी भागीदार होते का. मी सातही पत्त्यांवर नवी पत्रे लिहिली आहेत. चार टाकली. तीन टकटकने टाकावीत. जुन्या पत्त्यांवर कोणी राहत नसले तरी टाकावीत.

कलम सहा. कारखान्याच्या व्यवस्थापकांना, आता नवे आहेत, मी एक निवेदन दिले आहे. धाकट्यावरचा आरोप खोटा होता, तो मी केला होता, आणि घटना कशी घडली ते आकृतीसह त्यात आहे. ते भरणी विभागात जेवणाच्या सुट्टीआधी मोठ्याने वाचावे, माणसे हजर असताना. नंतर वाचले तर कोणी थांबत नाही. जुन्या व्यवस्थापकांबद्दल माझ्या मनात राग आहे. त्यांनी धाकट्याला एकदाही बोलावून विचारले नाही. हा राग मी कोणाला देत नाही, कारण तो सगळा त्यांच्या वाट्याचा नाही.

कलम सात. बाबांची पट्टी धाकट्याची. कपाटात वरच्या फळीवर नवा, न फोडलेला एक कॅट आहे, तोही त्याचा. माझी इच्छा अशी होती की साक्षीदारांसमोर मी एकदा पिसावे, त्याने एकदा पिसावे, आणि त्याच टेबलावर तेच पुन्हा घडावे. मी नसले तर हे होणार नाही. एकट्यानेही दोनदा पिसता येते, मी कारखान्यात तेच केले. पण त्या दिवशी दोघे होतो.

कलम आठ. एक गोष्ट उरते आणि ती लपवणे बरे नव्हे. दोनदा असे पिसले की काय होते, हे धाकट्याला आधीच माहीत होते का? तो भरणीत होता, रोज नवे कॅट हाताळत होता. डावाची कल्पना त्याचीच होती. तो हसला होता. माहीत असते तरी मीही जोडी पाडणार नाही, यावर त्याला भरवसा ठेवावा लागला असता. पुरावा दोन्हीकडे सारखा बसतो. मी कितीही वेळा मांडले तरी तिथेच अडते. सोळा वर्षांपूर्वी मी अशा जागी निष्कर्ष काढला होता. या वेळी काढत नाही. हा प्रश्न मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर जाईल.

इथे मृत्युपत्र संपते.

पुरवणी. सही व्हायची होती. पावणेतीन होऊन गेले तेव्हा मावशी खिडकीतून उठली आणि टकटकला म्हणाली, "घे गं सह्या. किती वाट बघायची." तीन वाजून दहा मिनिटांनी दार वाजले. नियमाप्रमाणे साक्षीदारांसमोर पुढचे लिहीत आहे.

त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत. बोटांवर सरसाचे डाग. बूट न काढता दारातच उभा राहिला.

"मावशी, ही बरी होणार आहे ना?"

"मला काय विचारतोस? समोर बसलीये, तिला विचार."

त्याने विचारले नाही. हात पुढे केला. मी कागद दिले. त्याने उभ्यानेच वाचले, सगळी कलमे. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते, ते कोणत्या ओळीवर आहेत ते कळेल म्हणून. चौथ्या कलमावर तो म्हणाला, "घर मी जिंकलं होतं. जिंकलेली वस्तू तू मला मृत्युपत्रात काय देतेस?"

"मग कशी देऊ?"

"जिवंतपणी. परत येऊन. मेल्यावर सगळेच देतात."

शिंपीकाकांनी खाकरले. तो वाचत राहिला. आठव्या कलमाशी बराच वेळ थांबला. मग टेबलाशी, जुन्या जागी, माझ्यासमोर बसला.

"विचार की."

"नाही."

"का? एवढं लिहिलंयस. विचार."

"तेव्हा विचारायचं होतं रे. तेव्हा मी विचारलं नाही, सांगितलं. आता उत्तर मागायचा मला हक्क नाही."

"आणि मी आपणहून सांगितलं तर?"

"तर मी ऐकेन. पण मृत्युपत्रात लिहिणार नाही, आणि कलम सहा बदलणार नाही."

तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. मी तो टेबलाखाली घेतला. मग त्याने मावशीला म्हटले, "वरच्या फळीवरचा कॅट काढ."

टकटकने वेष्टन फोडले, सवयीने दोनदा टिचकी मारली, जोकर काढले. आधी मोठ्याने. कॅटचे निम्मे मी केले, ते बरोबर झाले. पाने सोडायला लागले. उजवा हात ठीक होता. डाव्यातून एका जागी दोन सुटली. मी सांभाळायला गेले तर थोड्या वेळाने उजव्यातूनही दोन सुटली. पुरावाच मी स्वतःच्या हाताने मोडला, असे मला वाटले, आणि मी पाने खाली ठेवली.

"जोडी पडली," धाकटा म्हणाला. अगदी बाबांच्या आवाजात. "दोनदा."

"पुन्हा करते."

"नको. चालेल." त्याने कॅट ओढून घेतला आणि पिसला. मी इतके सरळ पिसलेले पत्ते सोळा वर्षांत पाहिले नव्हते. शिंपीकाकांनी कापले. त्याने वाटले, एकेक करून, शेवटचे पान स्वतःसमोर उघडे. इस्पिकचा गुलाम.

मावशीने पाने उचलली आणि उलटी करून दाखवली. तेरा बदाम. शिंपीकाकांनी दाखवली. तेरा चौकट. "मी तेव्हाही इथेच बसलो होतो," ते म्हणाले, "आणि तेव्हा मी एक शब्द बोललो नाही. माझंही लिहून घे." लिहिले.

मी माझी पाने लावली. दहा किलवर, तीन इस्पिक. माझ्या दोन जोड्यांमुळे आम्हा समोरासमोरच्या दोघांची तीन-तीन पाने अदलाबदल झाली होती, बाकी चुकले काहीच नव्हते. धाकट्याने न बघता सांगितले, "तुझ्याकडे माझी तीन आहेत."

"तुझ्याकडे माझी तीन."

"म्हणजे या वेळी तुला एखादा हात मिळू शकतो."

"तुझ्याकडे दहा हुकूम आहेत."

"मिळू शकतो म्हणालो," तो म्हणाला. "मिळेल म्हणालो नाही. तू तर शिकलेली आहेस."

मावशी हसली, आणि मग डोळे पुसायला आत गेली.

डाव खेळायला वेळ नव्हता. टॅक्सी लवकर आली आहे, खाली उभी आहे. धाकटा माझी पिशवी घेऊन जिन्यात थांबला आहे, बूट अजून पायात आहेत, तो बरोबर येतो म्हणाला. आम्ही चौघांनी पाने आपापल्या जागी पालथी ठेवली आहेत. मी परत येईपर्यंत टेबल हलवू नये, त्यावर कोणी जेवू नये, आणि मावशीने ती उचलून बघू नयेत. मी परत आले तर डाव तिथूनच पुढे खेळला जाईल, आणि त्या डावावर काही लावलेले नाही.

मी परत आले नाही तर माझ्या जागेवरची तेरा पाने धाकट्याची. त्यांतली तीन मुळातच त्याची आहेत.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. त्यात एक गोष्ट सिद्ध झालेली नाही. ती तशी राहू देऊनही मी सही करत आहे.

सही: मृत्युपत्र करणारी, उजव्या हाताने

आम्हा दोघांच्या देखत तिने सही केली, आणि तिच्या देखत आम्ही:

साक्षीदार पहिला: शिंपी, समोरचे दुकान. कात्री मिळाली.

साक्षीदार दुसरी: तपासणी टेबल क्रमांक दोन. सही करण्यापूर्वी प्रत्येक पानावर दोनदा टिचकी मारून पाहिली. पाने अकरा, सगळी जागेवर.

ठिकाण: घर, पुढची खोली, पत्त्यांचे टेबल
दिनांक: दहा मार्च दोन हजार बावीस, गुरुवार, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटे